मानव महंमद आणि एकच माप

कुसगाव हे मावळातले गाव, लोणावळ्याला खेटून. द्रुतगती मार्गाच्या वाहनांचा आवाज इथे रात्रीही थांबत नाही. गावच्या शिवारात सिंहगड संस्थेची महाविद्यालये उभी आहेत. नगर, नाशिक, बीड, कोल्हापूर, कुठकुठची मुले खोल्या घेऊन राहतात, एका चहाच्या टपरीवर एकत्र उभी राहतात आणि एकमेकांच्या मोबाइलमधले व्हिडिओ पाहतात. या परिसरात धर्मांची जवळीक नवी नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नावे कोरलेली आहेत, त्याच लेण्याच्या तोंडाशी एकवीरा आई आहे आणि समोरच्या लोहगडावर एक दर्गा आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये मोबाइलवरचा असाच एक व्हिडिओ राज्यभर फिरला. सिन्नर तालुक्यातल्या पंचाळे गावी हरिनाम सप्ताहात प्रवचन करताना महंत रामगिरी महाराज महंमद पैगंबरांच्या विवाहाविषयी बोलले. काही मिनिटांचे ते बोलणे. त्यावरून वैजापूर, येवला आणि इतर अनेक ठिकाणी गुन्हे नोंदले गेले, रस्त्यावर जमाव उतरले, शिरच्छेदाच्या घोषणा झाल्या. दुसऱ्या बाजूने महंतांच्या पाठिंब्यासाठी मोर्चे निघाले आणि सत्ताधारी बाजूच्या एका आमदाराने मशिदीत घुसून मारण्याची भाषा केली. त्याच्यावरही गुन्हे दाखल झाले.

महिन्याभराच्या या गदारोळात एक गोष्ट मात्र कुठेच घडली नाही. सातव्या शतकात अरबस्तानात होऊन गेलेल्या त्या माणसाविषयी महाराष्ट्राच्या ज्ञानात एका ओळीचीही भर पडली नाही. ज्यांनी निंदा केली त्यांनी वाचले नव्हते. ज्यांनी संताप केला त्यांनी वाचू दिले नाही. आणि मधल्या मोठ्या समाजाने, ज्यात हिंदूही आले आणि मुसलमानही, गप्प राहणे हेच शहाणपण मानले.

हे गप्प बसणे सभ्यपणाचे वाटते, पण त्याची किंमत मोठी आहे. ज्या विषयावर जाणती माणसे बोलत नाहीत तो विषय अजाणत्यांच्या ताब्यात जातो. इस्लामच्या संस्थापकाबद्दल आदराने, प्रामाणिकपणे आणि तरीही चिकित्सेने बोलता येते. याचा दाखला शोधायला महाराष्ट्राला परमुलखात जावे लागत नाही, तो पुण्यातच सापडतो.

जोतीराव फुल्यांनी एक रचना लिहिली आणि तिला नाव दिले ‘मानव महंमद’. रचना गौरवाची आहे. माणसामाणसांतला उच्चनीच भेद मोडणारा, सर्वांना एका पंगतीत आणणारा धर्मसंस्थापक म्हणून फुल्यांनी पैगंबरांकडे पाहिले. पण त्या गौरवातही ‘मानव’ हा शब्द त्यांनी आधी ठेवला. देव म्हणून नव्हे, चमत्कार करणारा म्हणून नव्हे, माणूस म्हणून थोर. १८९१ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी एका अशा कुटुंबाची कल्पना केली आहे, ज्यात आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी असू शकेल. यातला प्रत्येक जण ग्रंथ वाचून, स्वतः पटवून घेऊन आपापला धर्म स्वीकारतो आणि सगळे एका छपराखाली प्रेमाने राहतात. फुल्यांची अट एवढीच, की आधी वाचायचे आणि मग ठरवायचे.

पुढे साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ लिहून पैगंबरांचे चरित्र मराठी घरांत आणले. विनोबांनी अरबी शिकून घेतली, मूळ कुराण वर्षानुवर्षे वाचले आणि मग ‘कुराण-सार’ काढले. या दोघांची वृत्ती भक्तीची होती, चिकित्सेची नव्हती. पण दुसऱ्याच्या श्रद्धास्थानाविषयी तोंड उघडण्याआधी किती कष्ट करायचे असतात, हे त्यांनी दाखवून दिले.

‘मानव’ या शब्दाने मुसलमान दुखावला जाईल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो शब्द कुराणाच्या विरोधात जात नाही. आपण तुमच्यासारखाच एक माणूस आहोत, फक्त आपल्यावर ईश्वरी संदेश उतरतो, असे लोकांना सांगण्याची आज्ञा कुराणात पैगंबरांना एकाहून अधिक ठिकाणी दिलेली आहे. त्याहून लक्षात ठेवण्यासारखे म्हणजे पैगंबरांना बोल लावणारा मजकूर खुद्द कुराणात आहे. ऐंशीव्या सूरेची, म्हणजे अध्यायाची, सुरुवातच तशी आहे. मक्केतल्या बड्या सरदारांशी पैगंबर बोलत बसले होते. तेवढ्यात इब्न उम्मे मक्तूम नावाचा एक आंधळा माणूस शिकण्याच्या ओढीने तिथे आला. पैगंबरांच्या कपाळाला आठी पडली, त्यांनी तोंड फिरवले. या वागण्याबद्दल त्यांना खडसावणारी वचने उतरली आणि ती चौदाशे वर्षे नमाजात म्हटली जात आहेत. आपल्या संस्थापकाची चूक झाकून न ठेवता जो ग्रंथ ती पाठांतराला देतो, त्या ग्रंथाच्या अनुयायांना चिकित्सेची भीती वाटावी, हे दुःखाचे आहे.

हदीसमधली, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्यावागण्याच्या नोंदींतली, खजुराची गोष्ट शेतकऱ्याला चटकन कळेल. मदिनेचे लोक नर झाडाचा फुलोरा मादी झाडाला लावून परागण करीत. पैगंबर मक्केचे, व्यापारी घरातले. हे केले नाही तरी चालेल असे त्यांनी सुचवले. लोकांनी ऐकले आणि त्या साली पीक घटले. तेव्हा आपल्या संसारातल्या गोष्टी तुम्हालाच जास्त कळतात, असे ते म्हणाल्याचे ‘सहीह मुस्लिम’ या मान्यताप्राप्त संग्रहात नोंदलेले आहे. इ. स. ६२४ मधल्या बद्रच्या लढाईआधी हुबाब नावाच्या एका साथीदाराने त्यांना सरळ विचारले, तळ इथे टाकायचा हा ईश्वरी आदेश आहे की तुमचा स्वतःचा अंदाज? अंदाज आहे म्हटल्यावर त्याने जागा चुकल्याचे सांगितले आणि तळ हलवण्यात आला.

आणि खौला. सालबाची मुलगी खौला. तिच्या नवऱ्याने रागाच्या भरात ‘तू मला आईच्या पाठीसारखी’ असे म्हटले. अरबांच्या जुन्या चालीप्रमाणे हा जिहार होता. एका वाक्यात बाई नवऱ्याला वर्ज्य व्हायची, पण मोकळीही व्हायची नाही. खौला पैगंबरांकडे गेली. त्यांनी रूढ चालीप्रमाणे उत्तर दिले तेव्हा ती हटली नाही, वाद घालत राहिली. अखेर वचन उतरले, ते तिच्या बाजूने. जिहाराने बायको आई होत नाही आणि असे बोलणाऱ्या नवऱ्याने गुलाम मुक्त करून, दोन महिने उपास करून किंवा साठ गरिबांना जेवू घालून प्रायश्चित्त घ्यावे, असा दंडक घातला गेला. कुराणातली अठ्ठावन्नावी सूरा ती. तिचे नाव ‘अल्‌-मुजादिला’, म्हणजे वाद घालणारी बाई.

हे सगळे सांगायचे कारण असे, की प्रश्न विचारणे हा इस्लामवर बाहेरून झालेला हल्ला आहे, ही समजूत इस्लामच्या इतिहासातच टिकत नाही.

प्रामाणिक चर्चेला पुढे साधनांचा प्रश्न येतो. पैगंबरांचे निधन इ. स. ६३२ मधले. त्यांचे पहिले मोठे चरित्र लिहिणारे इब्न इसहाक वारले सुमारे ७६७ मध्ये, म्हणजे तब्बल एकशे पस्तीस वर्षांनी. ते चरित्रही आज जसेच्या तसे मिळत नाही. ते मुख्यतः इब्न हिशाम यांनी संपादित केलेल्या रूपात मिळते, आणि लोकांना क्लेश होतील किंवा सांगणे शोभणार नाही असा काही मजकूर आपण गाळला आहे, अशी कबुली त्यांनी सुरुवातीलाच दिली आहे. खुद्द इब्न इसहाक यांच्यावर त्यांच्याच काळातल्या इमाम मलिक यांनी कडक टीका केली होती. हदीस गोळा करणारे बुखारी वारले ८७० मध्ये. या विद्वानांनी कोणाकडून कोणी ऐकले याची साखळी तपासण्याचे एक स्वतंत्र शास्त्रच उभे केले. त्यात सांगणाऱ्याची स्मरणशक्ती कशी, तो खोटे बोलायचा का, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो खरोखर भेटला होता का, हे एकेका माणसाबद्दल नोंदवलेले आहे. म्हणजे चिकित्सा मुस्लिम विद्वत्तेला परकी नव्हती. आजचा इतिहासकार त्याच वाटेने आणखी चार पावले पुढे जातो आणि साखळीबरोबर मजकूरही तपासतो.

मोबाइलवरच्या निंदेत यातले काही नसते. एक हदीस उचलायची, तिचा अर्धा भाग वाचायचा, तिच्याविषयी झालेला बाराशे वर्षांचा ऊहापोह बाजूला ठेवायचा आणि ‘त्यांच्याच पुस्तकात आहे’ असे म्हणत ती शेजारच्या माणसाच्या तोंडावर मारायची. मोबाइलवरच्या बचावातही यातले काही नसते. अडचणीची हदीस आली की ती नाहीच म्हणायचे, किंवा विचारणाऱ्याच्या हेतूवर घसरायचे.

अडचणीचे प्रश्न खरेच आहेत. ते टाळणारा लेख अप्रामाणिक ठरेल. दोनच घेऊ.

पहिला विवाहाचा. आयेशा यांचा विवाह सहाव्या वर्षी झाला आणि संसार नवव्या वर्षी सुरू झाला, असे सांगणाऱ्या हदीस बुखारींच्या संग्रहात आहेत. शतकानुशतके बहुसंख्य मुस्लिम विद्वानांनी त्या खऱ्या मानल्या. विसाव्या शतकात काही मुस्लिम अभ्यासकांनी इतर घटनांच्या सनावळीवरून हे वय जास्त असले पाहिजे, असा युक्तिवाद मांडला. तो वाद मिटलेला नाही. महाराष्ट्राने या प्रश्नाकडे पाहताना आधी स्वतःच्या घरात डोकवावे. १८४० मध्ये सावित्रीबाईंचे लग्न झाले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या, जोतीराव तेरा वर्षांचे. १८७३ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकाचे दुसरे लग्न झाले तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते आणि रमाबाई अकरा वर्षांच्या. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नांदायला जायचे नाकारले, तेव्हा मुंबईत तो खटला १८८४ पासून चार वर्षे गाजला. संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा करणारा कायदा १८९१ मध्ये आला, आणि त्याला पुण्यातून मोठा विरोध झाला.

याचा अर्थ जुन्या काळातले सगळे माफ, असा नाही. अर्थ असा, की माप एकच हवे. रानड्यांना त्यांच्या काळात ठेवून समजून घ्यायचे आणि पैगंबरांना मात्र आजच्या पोलीस ठाण्यात उभे करायचे, हे इतिहासाला धरून नाही. पण याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे बोलली पाहिजे. रानड्यांच्या लग्नाचा दाखला देऊन आज कोणी अकरा वर्षांच्या मुलीचे लग्न लावू म्हणत नाही. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात मात्र मुलगी वयात आली की ती लग्नाला योग्य, हा युक्तिवाद आजही न्यायालयांत होतो आणि त्यावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी परस्परविरोधी निकाल दिलेले आहेत. पैगंबरांचे आयुष्य सातव्या शतकातले म्हणून समजून घ्या, अशी विनंती करणाऱ्याला तेच आयुष्य एकविसाव्या शतकासाठी जसेच्या तसे अनुकरणीय आहे, असे म्हणता येणार नाही. दोन्ही एकदम मागता येत नाही. चिकित्सेची खरी जागा इथे आहे. तो प्रश्न मेलेल्या माणसाच्या चारित्र्याचा कमी आणि जिवंत मुलीच्या शाळेचा जास्त आहे.

दुसरा प्रश्न बनू कुरैझा या ज्यू टोळीचा. ६२७ मध्ये खंदकाच्या लढाईनंतर या टोळीने शरणागती पत्करली, तिच्या पुरुषांना ठार मारण्यात आले, बायकामुलांना गुलाम करण्यात आले. इब्न इसहाक मृतांचा आकडा सहाशे ते नऊशेच्या घरात देतात. काही अभ्यासकांनी या आकड्यावर आणि एकूण वृत्तान्तावर शंका घेतली आहे. लढाईच्या ऐन वेळी या टोळीने दगा दिला, असे परंपरा सांगते आणि निवाडा लवादाने दिला, असेही सांगते. हे सगळे मांडले पाहिजे, आणि मांडल्यावरही शरण आलेल्यांची कत्तल ही कत्तलच राहते, हेही म्हटले पाहिजे. मध्ययुगातला कोणताही विजेता या कसोटीवर पूर्ण उतरत नाही, आपल्याकडचेही नाहीत. म्हणून कसोटी मोडायची नसते. ती सर्वांना लावायची असते.

असे माप हातात धरून उभा राहिलेला माणूस महाराष्ट्राने पाहिला आहे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा. हमीद दलवाई.

२९ सप्टेंबर १९३२ चा त्यांचा जन्म. राष्ट्र सेवा दलात घडलेले, ‘लाट’ आणि ‘इंधन’ लिहिणारे कसदार कथाकार. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत त्यांनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा विधानसभेवर नेला. मागणी होती, तोंडी तलाक बंद करा. सातच बायका होत्या, पण खौलाची तक्रार पुन्हा रस्त्यावर आली होती. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. नाव फुल्यांच्या सत्यशोधक समाजावरून घेतलेले, आणि ते केवळ शोभेसाठी घेतलेले नव्हते. पैगंबरांच्या जीवनाकडे इतिहासातल्या एका माणसाचे जीवन म्हणून पाहता आले पाहिजे, धर्मग्रंथाची चिकित्सा करता आली पाहिजे, त्याशिवाय मुस्लिम समाजात प्रबोधन होणार नाही, हे दलवाईंचे म्हणणे होते. ते त्यांनी आडपडदा न ठेवता मांडले.

त्यांना दगड सोसावे लागले, बहिष्कार सोसावा लागला. पण त्यांच्या टीकेचा वापर करून मुसलमानांचा द्वेष करू पाहणाऱ्यांना त्यांनी जवळ केले नाही. हिंदू जातीयवादावरही त्यांनी तितक्याच रोखठोकपणे लिहिले. समाजाबद्दल बोलताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोणी शत्रू नव्हता. तलाक मिळालेली, दोन मुले काखेत घेऊन माहेरच्या उंबऱ्यावर उभी असलेली बाई होती. त्यांची टीका किती तीव्र होती, हे अनेकांना आठवते. ती कोणासाठी होती, हे आठवणारे कमी आहेत. ३ मे १९७७ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षात, मूत्रपिंडाच्या विकाराने ते गेले. मेहरुन्निसा दलवाई, सय्यदभाई आणि इतर सहकाऱ्यांनी मंडळाचे काम पुढे नेले. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शायराबानो यांच्या खटल्यात तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. त्या बहुमतातल्या एका न्यायमूर्तींनी आपला निष्कर्ष कुराणाच्याच आधारे काढला. सात बायकांच्या मोर्च्यापासून त्या दिवसापर्यंत एक्कावन्न वर्षे गेली.

दलवाईंना कोणत्याही कलमाने गप्प करता आले नाही. आज मात्र या विषयावर तोंड उघडले की पहिला विचार कलमाचा येतो, आणि त्या कलमाचा उगम याच विषयात आहे. १९२० च्या दशकात लाहोरमध्ये ‘रंगीला रसूल’ नावाची पुस्तिका निघाली. पैगंबरांच्या खाजगी आयुष्याची खिल्ली उडवणारी ती पुस्तिका होती. १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने, असा गुन्हा विद्यमान कायद्यात बसत नाही म्हणून, प्रकाशक राजपाल यांना निर्दोष सोडले. त्यावर उठलेल्या वादळातून त्याच वर्षी भारतीय दंड संहितेत २९५-अ हे कलम आले. ६ एप्रिल १९२९ रोजी इल्मुद्दीन नावाच्या तरुणाने राजपाल यांचा खून केला आणि पुढे तो फासावर गेला.

त्या विधेयकावरच्या चर्चेत मुंबईचे प्रतिनिधी होते महंमद अली जिना. त्यांनी तेव्हा एक इशारा दिला होता. जे इतिहासाचे काम करतात, जे सत्य शोधण्यासाठी धर्माची प्रामाणिक टीका करतात, त्यांना या कायद्यापासून संरक्षण मिळाले पाहिजे, हे तत्त्व त्यांनी आग्रहाने मांडले. म्हणून तर कलमात ‘हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने’ अशी अट आली. १ जुलै २०२४ पासून तेच कलम भारतीय न्याय संहितेत २९९ या क्रमांकाने उभे आहे, अटही तीच आहे. गुन्हा नोंदवताना ती अट वाचली जात नाही, हे दुखणे आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने ती वाचली. आर. व्ही. भसीन यांच्या इस्लामविषयीच्या इंग्रजी पुस्तकावर राज्य सरकारने २००७ मध्ये बंदी घातली. तिला दिलेले आव्हान तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठापुढे आले आणि ६ जानेवारी २०१० रोजी निकाल लागला. न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण त्याआधी एक मोलाची रेघ आखली. कोणत्याही धर्माची टीका करण्याचा हक्क राज्यघटनेने दिला आहे, इस्लामही त्याला अपवाद नाही. मात्र टीकेच्या नावाखाली एका समाजाविरुद्ध द्वेष पेटवण्याचा दुष्ट हेतू दिसत असेल, तर ते संरक्षण मिळत नाही. बंदीबद्दल मतभेद असू शकतात. पुस्तकावर बंदी घालून द्वेष कमी होतो, याचा पुरावा फारसा नाही. पण धर्माची टीका वेगळी आणि धर्म पाळणाऱ्या शेजाऱ्याविरुद्ध चिथावणी वेगळी, ही रेघ प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावावी अशी आहे.

ती न पाळल्यावर काय होते, ते शिरीन दळवी यांनी सोसले. त्या ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीच्या संपादक होत्या. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या ‘शार्ली एब्दो’ साप्ताहिकावर हल्ला होऊन बारा जण मारले गेले. त्या घडामोडींच्या बातमीसोबत साप्ताहिकाच्या मुखपृष्ठाचे चित्र या दैनिकात छापले गेले. दुखावण्याचा हेतू नव्हता, आणि दळवी यांनी लगेच जाहीर माफीही मागितली. तरीही ठिकठिकाणी गुन्हे नोंदले गेले, महिनाअखेरीस त्यांना अटक झाली. जामीन मिळाला, पण आवृत्ती बंद पडली, नोकरी गेली, घर सोडून लपत राहायची वेळ आली. श्रद्धावान मुसलमान असलेल्या, उर्दू पत्रकारितेत आयुष्य घातलेल्या एका बाईवर हे ओढवले. पैगंबरांचा मान यातून कसा राखला गेला, हे त्या तक्रारदारांनी स्वतःला विचारायला हवे.

आणि मग अमरावती. २१ जून २०२२ रोजी तिथल्या एका औषधविक्रेत्याचा रात्री दुकान बंद करून घरी जाताना गळा चिरून खून झाला. भाजपच्या तत्कालीन प्रवक्त्यांनी दूरचित्रवाणीवर पैगंबरांविषयी केलेल्या वक्तव्याला पाठिंबा देणारा संदेश त्याने पुढे पाठवला होता, हे कारण तपास यंत्रणेने सांगितले. या खुनापुढे कोणतेही ‘पण’ लावता येत नाही. भावना दुखावल्या होत्या, हे वाक्य त्या माणसाच्या मुलाबाळांसमोर उच्चारता येईल का, एवढे स्वतःला विचारावे. पैगंबरांच्या नावाने मारणाऱ्याने त्यांची जेवढी बदनामी केली, तेवढी कोणत्याही पुस्तिकेने केलेली नाही.

इथे मुस्लिम समाजातल्या जाणत्यांचे काम सुरू होते. असे खून झाल्यावर निषेधाची पत्रके निघतात, ती निघालीच पाहिजेत. पण त्यापुढे जाऊन शुक्रवारच्या भाषणात आंधळ्या इब्न उम्मे मक्तूमची गोष्ट, खजुराची गोष्ट आणि खौलाची गोष्ट तिच्या पूर्ण अर्थासह सांगितली गेली पाहिजे. पैगंबरांना प्रश्न विचारणारे त्यांच्यासमोर बसत होते आणि सुखरूप घरी जात होते, हे पंधरा वर्षांच्या मुलाला मशिदीतच कळले, तर तो उद्या मोबाइलवरच्या चिथावणीला सहज बळी पडणार नाही. दलवाईंची पुस्तके मराठीत आहेत. त्यांच्याशी जोरदार वाद घालावा, त्यांना खोडून काढावे, पण आधी वाचावे.

हिंदू टीकाकाराचे कामही कमी नाही. इस्लामची चिकित्सा करण्याचा हक्क त्यालाही आहे. चिकित्सा फक्त घरच्यांनीच करावी, हा नियम ज्ञानाच्या क्षेत्रात चालत नाही. पण ती करताना त्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. आपण मूळ वृत्तान्त पूर्ण वाचला आहे का? हेच माप आपल्या पूज्य पुरुषांना लावायची आपली तयारी आहे का? आपल्या बोलण्याने शेजारच्या मुस्लिम बाईचे आयुष्य सुधारणार आहे, की तिच्या नवऱ्याच्या दुकानाची काच फुटणार आहे? ज्याची उत्तरे नाही, नाही आणि काच अशी येतात, त्याने आपल्या बोलण्याला चिकित्सा म्हणू नये. शिवचरित्रावरच्या किंवा संतचरित्रावरच्या एखाद्या पुस्तकाने भडकून संशोधन संस्थेत तोडफोड करणारे लोक महाराष्ट्राने पाहिले आहेत. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातल्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, तेव्हा हस्तलिखितांची काय अवस्था झाली, हे पुणेकर विसरलेले नाहीत. दुखावलेली भावना आणि हातातला दगड यांचे नाते एकाच धर्मात जुळते असे नाही.

कुसगावपासून देहू तासाभराच्या आत येते. तुकोबांची पालखी देहूतून निघते तेव्हा तिचा पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी असतो. तिथे अभंग होतो, आरती होते, मग पालखी पुढे सरकते. वारकऱ्यांना तुकोबा वाचताना दर्गा आडवा येत नाही, आणि तुकोबांनी दांभिकांवर ओढलेले कोरडे ऐकताना कोणाची श्रद्धाही पातळ होत नाही. स्वतःच्या परंपरेतली कठोर टीका भजनात गाणारा हा मुलूख आहे. महंमद पैगंबरांविषयीही इथे आदर आणि टीका एका बैठकीत बसू शकतात. कुसगावातल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत फुल्यांचे समग्र वाङ्मय, साने गुरुजींची ‘इस्लामी संस्कृती’, विनोबांचे ‘कुराण-सार’ आणि हमीद दलवाईंचे लेखन एका फळीवर लागावे. नगरच्या आणि बीडच्या, सिन्नरच्या आणि मालेगावच्या मुलांनी ते आळीपाळीने घरी न्यावे आणि टपरीवर त्यावर कडाक्याने भांडावे.

खौलाची एक पुढची कथा इस्लामी परंपरेत सांगतात. पैगंबर गेले, उमर खलिफा झाले, साम्राज्य वाढले. एके दिवशी ते लोकांसह रस्त्याने जात असताना एका म्हातारीने त्यांना हाक मारून थांबवले. तू लहान होतास तेव्हा तुला लोक काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे, आता खलिफा झालास, तर रयतेच्या बाबतीत देवाला भिऊन वाग, असे ती बराच वेळ सुनावत राहिली. सोबतचा एक माणूस चिडला, खलिफांना असे बोलतेस म्हणून तिला दटावू लागला. उमरांनी त्याला अडवले. ही खौला आहे, म्हणाले, हिची तक्रार देवाने सात आकाशांच्या वरून ऐकली, मग उमरने ऐकू नये होय? आणि तिचे बोलणे संपेपर्यंत ते रस्त्यात उभे राहिले.